पडीतली जपानी गाडी

कारखान्याचा बॉयलर पेटला की माझं डोकं पेटतं. दरवर्षीचं आहे. आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर अंबडच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकाला दोन दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत ऊस इतका की मागून येणाऱ्याला पुढचं काही दिसायला नको, आणि वर दणादणा गाणी. कारखान्याचं अंकुशनगर जवळ आलं की मळीचा वास गाडीत घुसतो. काच कितीही वर करा, येतोच. लोकांना त्या वासानं मळमळतं. मला सतरावं वर्ष आठवतं, आणि त्याच्या मागोमाग तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवतो, ज्या हंगामात मी एक जुनी जपानी गाडी निवडली आणि एका कागदावर सही केली नाही. माझ्यासाठी ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आधी लोकांच्या शंका फेडून टाकते. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. नवीन जालन्यात फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि एका बियाणे कंपनीसाठी शेतकऱ्यांचे बीजप्लॉट बघत हिंडते. लग्न राहून गेलं असं लोक म्हणतात, मी केलं नाही असं मी म्हणते. आणि रविवारी सकाळी मी मोकळ्या रानात गाडी आडवी चालवते. ह्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. गाडीचं तोंड एकीकडे, गाडी चालली दुसरीकडे, मागची चाकं सुटलेली, आणि आपण स्टेअरिंग उलटं धरून जिकडं जायचंय तिकडं बघत बसायचं. एवढंच. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "अहो, ह्या वयात?" मी म्हणलं, "मंग कोणत्या वयात? तुम्ही वय सांगा, मी त्या वर्षी सुरू करते." त्या दिवसापासून त्या लिफ्टनं जातात.

दुसरा प्रश्न असतो, जालन्यात कुठं असलं काही? हा प्रश्न तर मला बिलकुल कळत नाही. आमची काळी माती ज्यानं भिजलेली पाहिली आहे त्यानं हे विचारूच नये. चार महिने आमच्याकडं माणसं, म्हशी, मोटारसायकली, सरकारी जिपा, सगळे आडवेच चालतात. प्लॉटवर जाताना माझी कंपनीची गाडी किती वेळा तोंड फिरवून बसली आहे, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. फोनवर पहिल्यांदा जपानी घाटातल्या त्या गाड्या बघितल्या, पावसानं चकाकणारा रस्ता, वळणावर मागचा भाग बाहेर फेकून घसरत जाणाऱ्या, तेव्हा बाकीच्यांना नवल वाटलं असेल. मला ओळख पटली. मी बसल्या जागी म्हणलं, अरे, हे तर आपलं आहे.

आपलं कसं, तर ट्रॅक्टरमुळं. मी सतरा वर्षांची असताना ऐन हंगामात अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, ड्रायव्हर पळून गेला. तोडणीवाली टोळी आलेली, ऊस पडलेला, वाळून वजन घटायला लागलेलं. अण्णा कपाळाला हात लावून बसले होते. मी ट्रॅक्टरवर चढले. कुणी विचारलं नाही आणि कुणी नको म्हणलं नाही, कारण नको म्हणायला कुणाला फुरसत नव्हती. तो अख्खा हंगाम मी ऊस वाहिला. दोन ट्रॉल्या जोडल्या की ट्रॅक्टरचं तोंड उचलल्यासारखं होतं, पुढची चाकं जमिनीला धड टेकत नाहीत, स्टेअरिंग नुसतं शोभेला. तेव्हा वळवायचं ब्रेकनं. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्या चाकाचा वेगळा. उजवीकडं वळायचं तर उजवा दाबायचा, तेवढं एकच चाक थांबतं आणि बाकीचा सगळा बोजा त्याच्याभोवती फिरतो. चिखलात तर काय सुख होतं ते. अख्खी काळी जमीन खालून सरकते आहे आणि ती मी सरकवते आहे. आयुष्यात तेवढी मोठी मी नंतर कधी झाले नाही.

पुढच्या हंगामाला धाकट्या संजूला पंधरावं लागलं. एका सकाळी मी न्याहारी करून बाहेर आले तर ट्रॅक्टरवर तो बसलेला होता. मला कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, आणि तो संजूवर किंवा अण्णांवर नाही, त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरीवर येतो. अगं, निदान भांडायचं तरी.

तीन वर्षांपूर्वी असाच हंगाम लागला होता. संजू सकाळी सकाळी फ्लॅटवर आला. हातात गुळाची ढेप, बगलेत फाईल. चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू त्या जपानी गाडीच्या मागं लागल्ती ना?"

"लागले होते. मिळत न्हाई इकडं कुठं."

"मी गॅरेजवाल्या शफीभाईकडं गेल्तो. दोन आल्यात त्याच्याकडं. अस्सल. एक तर लाल हाये, दोन दाराची. ती घेऊन देतो मी तुला."

मी कपात चहा ओतत होते, तो बशीत गेला. "का?"

"का म्हंजे? भाऊ हाये ना मी." आणि त्यानं फाईल उघडली. "अण्णा म्हणून राह्यले, हयातीतच वाटणी लावून टाकू. रान माझ्या नावावर करायचं. तुझी फक्त हक्कसोडीवर एक सही लागते. सोमवारी जाऊ, जल्दी होऊन जाईल."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं वडिलोपार्जित जमिनीतला हक्क सोडला असं लिहून देणं. आमच्याकडची ही रीत अशी गोड आहे की ओरडायला जागाच ठेवत नाही. बहिणीला जेवायला बोलवायचं, पुरणाचा स्वयंपाक करायचा, साडी नेसवायची, ओटी भरायची आणि दुपारी रजिस्ट्री ऑफिसात नेऊन सही घ्यायची. बहीण डोळे पुसते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, मला काय करायचंय रान, माहेर राहिलं म्हणजे झालं. भावाला वाईट म्हणायचीही सोय नाही, कारण त्याला स्वतःला खरंच वाटत असतं की आपण काहीतरी देतो आहोत. आमचा संजू तर हुशार. त्याला ठाऊक होतं की ही बाई साडीवर सही करायची नाही. म्हणून गाडी.

मी त्या क्षणी ताडकन नाही म्हणाले असं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते खोटं होईल. मी विचारलं, "लाल म्हणजे कसा लाल?"

शफीभाईंचं गॅरेज जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या मागच्या बोळात. बोळ एवढा अरुंद की समोरून हातगाडी आली की आपण मागं जायचं. शफीभाई साठीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. इंजिनावर कान ठेवून ऐकतात आणि ऐकताना डोळे मिटतात. दोन्ही गाड्या मूळ जपानच्या. तिथून वापरून आफ्रिकेत गेलेल्या, तिथं नोकरीला असलेल्या जालन्याच्याच इंजिनियर बाप-लेकांनी घेतलेल्या आणि कायमचे परत येताना सोबत आणलेल्या. स्टेअरिंग आपल्यासारखं उजवीकडं, कागदपत्रं साफ. म्हातारे इंजिनियर वारल्यावर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या होत्या.

लाल गाडी बुटकी, लांब, अंगाला चिकटून शिवल्यासारखी. तिचे दिवे झाकलेले असत, बटण दाबलं की बॉनेटमधून वर येत. संजूनं ते बटण सहा वेळा दाबलं. शेजारची दुसरी गाडी चौकोनी, चार दारांची, मलईच्या रंगाची, मागच्या सीटवर विणलेली चादर. एखाद्या हेडमास्तरांनी रविवारी भाजी आणायला काढावी अशी.

मी गुडघ्यावर बसून दोन्हींच्या खाली वाकून बघितलं. मलई गाडीच्या पोटाखालून एक जाड दांडा इंजिनापासून मागच्या चाकांकडं गेलेला होता, जीपला असतो तसा. लालला तो नव्हता.

"लाल वाली आगे से खींचती," शफीभाई माझ्या शेजारी वाकून हळूच म्हणाले. "ही मागून ढकलती. ताई, तुम्हाला आडवी चालवायची म्हणल्यावर…" आणि संजूकडं बघून त्यांनी वाक्य गिळलं. गिऱ्हाईक शेवटी तो होता.

मला हे माहीत नव्हतं थोडंच? वर्षभर मी तेच वाचत होते. आडवं जायचं असेल तर मागून ढकलणारी गाडी घ्यावी, पुढून ओढणारी गाडी पुढंच ओढते. पाठ होतं मला. तरी मी जाऊन लाल गाडीत बसले. सीट माझ्या पाठीला अशी बसली की उठावंसं वाटेना. स्वतःला समजावत होते, हँडब्रेक ओढून पुढच्या चाकांची गाडीपण फिरवतात की लोक. मोह झाला की माणसाला कारणं सुचायला वेळ लागत नाही. आणि खरं सांगायचं तर तो मोह नुसता गाडीचा नव्हता. त्या घरातून मला पहिल्यांदा कुणीतरी विचारून, माझ्या मनातली वस्तू देत होतं. चाळिशीला आलेल्या बाईला एवढ्याचं एवढं वाटावं, ह्याची लाज वाटते आता. पण वाटलं होतं. सही करून टाकावी, असं मनात ठरत आलेलं होतं.

फक्त एक म्हणलं. "घ्यायच्या आधी चालवून बघीन. दोन्ही. रस्त्यावर न्हाई, आपल्या पडीत."

"पडीत?" संजू हसला. "तिथं तर कुसळंबी धड उगवत न्हाईत."

"मला कुठं पेरायचंय."

पड म्हणजे आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला असलेला मुरमाड माळ. नांगर लागत नाही, म्हणून तसाच पडलेला. हंगामात भरलेल्या ट्रॉल्या तिथं उभ्या करतात. कॅनॉलला पाणी सुटलं की शेतात पाणी आणणारी चारी पाझरते आणि पडीचा खालचा कोपरा चिकट होतो, वर बोटभर काळा गाळ आणि खाली दगडासारखा मुरूम. चाक रुतत नाही, पण धरूनही राहत नाही. सतराव्या वर्षी मी ट्रॉल्या तिथंच फिरवायला शिकले होते. त्या हंगामानंतर तिथं मी काही चालवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी शफीभाई आणि त्यांचा जावई दोन्ही गाड्या घेऊन आले. अण्णा बांधावरच्या कडुलिंबाखाली काठी टेकून बसले. "लाल चांगली हाये," एवढंच बोलले. मी लाल गाडीत बसले, शेजारी संजू. कोपऱ्याकडं वेग घेतला. गाळ लागला, गाडी हलकी झाली आणि मी उजवीकडं वळायला लागले.

आता इथं जे झालं ते आमच्याकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. पंधरा वर्षं मी कंपनीची गाडी चालवते, कधी पाय चुकला नाही. पण ती पड, तो गाळ, उजवं वळण. माझ्या पायाला वाटलं, ट्रॅक्टर आहे. त्यानं उजव्या चाकाचा ब्रेक शोधला, सगळ्यात उजवीकडची पट्टी, आणि दाबली. पार तळाला. मोटारीत सगळ्यात उजवीकडं ॲक्सिलरेटर असतो, हे वेगळं सांगायला नको. गाडी किंचाळली. पुढची चाकं गाळात गरागरा फिरली, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ. सरळ म्हणजे किती सरळ, तर बाभळीच्या कुपाटीत, म्हणजे काटेरी कुंपणात, जाऊन थांबली. दिव्यांच्या झाकणावर काट्यांचे ओरखडे आणि बंपरचे दोन तुकडे.

"ताई!" संजू दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ओरडला. "ब्रेक कुठाय अन् पाय कुठं ठेवून राह्यली तू?"

"ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला मी."

"ट्रॅक्टर चालवून तुला वीस वर्षं झाली!"

"कुणी उतरवलं?" असं मी म्हणणार होते. नाही म्हणलं. बंपर मी भरून देईन एवढं शफीभाईंना सांगितलं आणि जाऊन मलई गाडीत बसले. संजू काही आला नाही. शफीभाई शेजारी बसले, पट्टा लावला आणि काय पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही.

पुन्हा तोच कोपरा, तोच गाळ, तेच उजवं वळण. आणि काय सांगू, पाय पुन्हा तिथंच गेला. ठरवून नाही. देवाशप्पथ नाही. मला कळायच्या आत पट्टी तळाला. पण ह्या खेपेला मागची चाकं फिरली. गाडीचा मागचा भाग माझ्या पाठीमागून निघून डावीकडं गेला, तोंड उजवीकडं आलं, खिडकीतून लिंब गेला, अण्णा गेले, कुपाटी गेली, लाल गाडी गेली. हात आपोआप उलटे फिरले. गाडी अख्खी फिरून, जिकडून आलो तिकडं तोंड करून, अंग झटकून उभी राहिली. काचेवर चिखल. इंजिन चालूच.

शफीभाईंनी चष्मा काढून पुसला. "ताई," ते म्हणाले, "बाकी सब बातां छोडो. ये आपकीच है."

मी हसत होते का रडत होते ते मला माहीत नाही, पण आवाज करत होते. चुकीच्या पट्टीवर पाय पडला तरी ज्या गाडीला कळलं मला कुठं जायचंय, ती सोडून मी दुसरी घेणार होते. कशासाठी? रंगासाठी. आणि कुणीतरी देतंय ह्यासाठी. ते मनात आल्याबरोबर दुसरंही आलं, की सहीचंही हेच आहे, कुणीतरी काही देतंय म्हणून आपलं सोडून द्यायचं.

खाली उतरले तेव्हा संजू आणि अण्णा दोघं जवळ आले होते. मी संजूला म्हणलं, "ही घेणार मी. माझी मी घेते, तू नको देऊ. आन् सोमवारी मी येत न्हाई."

"म्हंजे?"

"सही करत न्हाई."

"गाडीचा अन् सहीचा काय संबंध?"

"तूच जोडलास. मी तोडला."

संजूचं तोंड त्या बाभळीसारखं झालं. "तुला काय करायचंय रान? पोरं न्हाईत, बाळं न्हाईत."

"पोरं असती तर दिलं असतंस का? मंग म्हणला असतास, तिच्या सासरी जाईल. न्हाई तर म्हणतोस, तिच्यामागं कोण. तुझ्याकडं दोन्ही कुलपं अन् दोन्ही चाव्या. मला रान काय करायचं ते मी बघीन. फिरवीन त्यात गाडी. गोल गोल."

अण्णा काठीकडं बघत होते. मग काठी टेकत घराकडं गेले. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान माझं नाव घेऊन एकदा ओरडतील. ते न ओरडता गेले ह्यानं मी जास्त हादरले. पण हादरले म्हणून नमले नाही.

तो हंगाम लांबला. अंकुशनगरच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग तुटत नव्हती आणि फाईल संजूच्या कपाटात होती. नातेवाईकांचे फोन यायचे. मामा म्हणाले, सही केली तर घर एक राहतं बाई. मावशी म्हणाली, तुझी माय असती तर तिला काय वाटलं असतं. मी म्हणलं, माय असती तर तिलाही वाटा लागला असता. मावशीनं फोन ठेवला. बोलून झाल्यावर मला मायची आठवण येऊन मी बराच वेळ ओट्याशी उभी राहिले, भाजी करपेपर्यंत.

मलई गाडी माझ्या नावावर झाली. मी शफीभाईंना सांगितलं, मागच्या दोन्ही चाकांना लॉक मारून टाका. ट्रॅक्टर चिखलात फसला की लॉक दाबतात, मग दोन्ही मागची चाकं एकाच वेगानं फिरतात. मला ते कायमचं हवं होतं, वेल्डिंग करून. शफीभाई म्हणाले, "गल्लीत वळताना टायर रडेंगे." रडू देत म्हणलं. रडतातच. अजूनही कापड बाजारात वळले की मागचं चाक चीं चीं करतं आणि दुकानदार गल्ल्यावरून मान वर करतात. मी काच खाली करून नमस्कार करते.

प्रत्येक रविवारी पडीत जायचे. पड अजून अण्णांच्या नावावर होती, कुणी नको म्हणलं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. कुणी म्हणलं नाही. शिकत गेले. मागचं अंग सुटल्यावर घाबरून पाय काढला की गाडी फटकन उलटी फिरते. पाय काढायचा नाही. बॉनेट जिकडं दाखवतं तिकडं बघायचं नाही, आपल्याला जायचं तिकडं बघायचं. ओला कोपरा जमला, मग कोरडा मुरूम. शेजारच्या टरबुजाच्या बीजप्लॉटवर कामाला येणाऱ्या बाया बांधावर उभ्या राहायच्या, कमरेला परागीकरण केलेली फुलं झाकायच्या कागदी टोप्यांची पिशवी. त्यातली एक मला म्हणाली, "बाई, गाडीची फुगडी खेळून राह्यल्या का?" बराबर बोलली. मी तिला शेजारी बसवलं. तिनं पहिल्या फेरीला मला शिव्या घातल्या आणि चौथ्या फेरीला गाणं धरलं. बाकीच्या नंबर लावून उभ्या.

कारखान्याचा भोंगा शेवटचा वाजायच्या थोडं आधी, शिमगा जवळ आलेला, एका रविवारी अण्णा पडीत आले. मी गाडीनं आठाचा आकडा काढत होते, धुळीतून मला ते दिसले नाहीत. थांबले तेव्हा ते गाडीच्या मागं उभे होते आणि तापलेल्या टायरला बोट लावून बघत होते.

"उतू आलेल्या दुधावाणी चालती," ते म्हणाले. ती तारीफ होती की तक्रार, कळलं नाही. मग इकडं तिकडं बघत म्हणाले, "तुझ्या आत्याकून म्या सही घेतली तव्हा ती काहीच बोलली न्हाई. जेवली, पान खाल्लं, गाडीत बसून गेली. मला वाटलं, बायांना त्याचं काही वाटत न्हाई."

"वाटतं, अण्णा."

"हां. तू बोलली म्हनून कळलं." काठीनं मुरमात एक रेघ ओढली, तिच्या शेजारी दुसरी. "तीन वाटे घाल म्हनलं संजूला, माझा, त्याचा अन् तुझा. बराबर. काळं रानबी तिघांत अन् ही पड तुझ्याकडं. दुसऱ्या कुनाला नको हाये ती."

मी त्यांचे आभार मानले नाहीत. आपलंच आपल्याला मिळालं तर आभार कसले? ते जाता जाता म्हणाले, "पन धूळ लई उडती. गव्हावर बसती."

वाटणी झाली. सातबाऱ्यावर नाव चढलं. संजूनं माझ्याशी बोलणं टाकलं. मोजणीच्या दिवशी तो खुंटीच्या पलीकडं उभा होता, तिकडंच बघत. गावात, भावकीत, एकच वाक्य फिरत होतं की हिनं एका गाडीपायी भाऊ तोडला. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जमीन भावानं घेतली असती तर कुणी म्हणलं असतं का की त्यानं बहीण तोडली? वाटा मागणारी बहीण आणि माहेर असलेली बहीण अशा दोन वेगवेगळ्या बाया असतात, हे कुणी ठरवलं? कोणत्या कागदावर लिहिलंय? दाखवा मला, मी त्यावरही सही करत नाही.

दिवाळी आली. दरवर्षी भाऊबीजेच्या आधी संजूचा फोन यायचा, ताई कधी निघतेस. त्या वर्षी आला नाही. मी सकाळी अनारसे डब्यात भरले, निरांजन, सुपारी, अक्षता सगळं घेतलं आणि मलई गाडी काढली. रस्त्याला पहिले ट्रॅक्टर लागलेले होते. मळ्यातल्या घराचं फाटक आतून लावलेलं. फटफटी अंगणात, म्हणजे तो घरात होता. मी हॉर्न दिला. पडदा हलला. कुणी आलं नाही. मग मी हॉर्नवर तळहात ठेवला आणि ठेवूनच दिला. आफ्रिका बघून आलेला हॉर्न तो, साधा नाही. लिंबावरचे पक्षी उडाले.

आतून अण्णांचा आवाज आला, "अरं उघड रे बाबा, कान फुटून राह्यले."

संजू फाटकापर्यंत आला. उघडलं नाही. "काय पाहिजे?"

"ओवाळायला आले. पाट मांड."

"वाटा घेतला ना? मंग आता काय राह्यलं?"

"वाटा घेतला. भाऊ कुठं सोडला? पाट मांड म्हणते ना."

तो तसाच उभा. मी परत गाडीकडं वळून हॉर्नकडं हात नेला, तेव्हा त्यानं कडी काढली.

पाट मांडला. तो बसला, पण तोंड भिंतीकडं. मी टिळा लावला तो कानाजवळ गेला. ओवाळलं, अक्षता टाकल्या. त्याचा हात सवयीनं खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

"तुला आता काय टाकायचं ताटात?" तो म्हणाला. "तुझं तू घेतलंस की."

मी ताट तसंच त्याच्यासमोर धरून उभी राहिले. "संजू, वाटा माझा होता. तो तू दिला न्हाईस, मी घेतला. ओवाळणी तुझी हाये. ती मला घेता येत न्हाई, ती तूच द्यायची. सुपारी टाक न्हाईतर काही बी टाक, पण टाकल्याबिगर मी हे ताट खाली ठेवत न्हाई."

निरांजनातलं तूप संपत आलं होतं. माझे हात भरून आले. मी हलले नाही. त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि खिशात परत हात घातला.